धर्मराजचा मुडा

"यातला विकायचा माल कोणता?" साहेबांनी माळ्याकडे बघत विचारलं.

गोजरा शिडीवर उभी होती. बापाचं बारावं कालच उरकलं होतं आणि आज बोनकोडे गावातल्या त्याच्या घरात बियाण्यांचा निरीक्षक येऊन बसला होता. कुणीतरी तक्रार केली होती. तिचा बाप धर्मराज पाटील भाताचं बियाणं परवान्याशिवाय विकायचा म्हणे. गेल्या वर्षीपासून बियाणं विकायला परवाना लागत होता, पिशवीवर लेबल लागत होतं. तक्रार खरी निघाली तर माळ्यावरचं सगळं जप्त होणार होतं, आणि पेरणी तोंडावर आली होती.

तक्रार खरी असणार, असंच गोजराला वाटत होतं.

त्या माळ्याचं तिला लहानपणापासून कुतूहल होतं. भात भरून पेंढ्यानं घट्ट आवळलेले मुडे, वर ओळीनं मांडलेले. पोरांना तिथं चढायला बंदी. खाडीचा बांध फुटला त्या वर्षी घरात दाणा नव्हता. आई कालवं उकडून पुढ्यात ठेवायची. गोजरानं वर बोट दाखवून म्हटलं होतं, "त्यातला एक सोड ना." आई म्हणाली, "आपला नाय तो."

आपला नाही, म्हणजे गिऱ्हाइकाचा. तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे ती ठाण्याला शिकली, तिथंच शाळेत नोकरीला लागली. इकडे सरकारनं बऱ्याच जमिनी घेतल्या, त्यांच्या खारीवर, खाडीकाठच्या भातशेतावर, भराव पडला, तरी माळा भरलेलाच राहिला. शेत नाही आणि बियाणं आहे. मग तो धंदा नाही तर काय?

तिनं एकेक मुडा खाली दिला. आज पहिल्यांदाच तिला ते जवळून दिसत होते. प्रत्येकाची गाठ वेगळी होती. एकाला जुन्या जाळ्याचा तुकडा, एकाला निळ्या लुगड्याचा काठ, एकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, एकाला तांब्याची तार.

"निला काठ माजा," दारात जमलेल्यांतून शेजारची बायजाबाई म्हणाली.

"ट्यूब माजी," कान्हा म्हणाला. "सायकल गेली चोरीला, ट्यूब राह्यली."

जाळंवाला पुढे झाला. तांब्याच्या तारेवाला पुढे झाला. साहेब गोंधळले.

"तुमचं बियाणं यांच्या घरात कशाला?"

"आपल्या घरान ठेवला तर वैशाखान आपनच खातो, सायेब," बायजाबाई म्हणाली. "पोरं रडाया लागली का बी काय न् भात काय! दुसऱ्याचा ठेवा खाता येत नाय. म्हनून याचा त्याच्याकडं, त्याचा याच्याकडं. ज्याची छाती दगडाची, त्याच्याकडं जास्त."

"म्हणजे धर्मराज विकत नव्हते?"

"विकला असता तरी काय चोरीचा हाय? आमच्या खारीत आमी पिकवलाय. तुमचा लेबलाचा पन आनला होता एकदा. खाऱ्या पान्यान पिवला परला सगला. लेबल तेवरा हिरवा राह्यला."

लोक हसले. साहेबांनाही हसू आवरलं नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला. "यातला मयताचा कोणता, तेवढं सांगा."

सगळे मुड्यांकडे बघत राहिले. प्रत्येकापाशी त्याचा धनी उभा होता.

"एक पन नाय," बायजाबाई म्हणाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. बाहेर येऊन ते वहाणा घालू लागले, आणि मध्येच थांबले. "मग त्यांचा स्वतःचा कुठं आहे?"

"त्यो कोनाला सांगत नसं, सायेब. बायकोला पन नाय. घरान कलला का भुकेला कलतो."

गोजरा मान खाली घालून माळ्यावरचा भुसा झाडत राहिली.

दिवस कलताना करावे गावचा दत्तू आला. बापाचा खाडीतला जुना जोडीदार. त्यानं खांद्यावरचा मुडा ओटीवर हळूच टेकवला.

"बारावं झाल्यावर घरच्यांना दाखवायचा असतो, बाय. तुज्या बापाचा हाय. भराव परला तवापासना माज्या शेताच्या तुकऱ्यात लावतो आनी दर साल नवा भरून ठेवतो."

मुड्याला पिवळ्या कापडाची गाठ होती. त्यावर काळे ठिपके. कापड विरलं होतं, तरी गोजरानं ओळखलं. तिचा शाळेतला पहिला परकर. दोरीवर वाळत घातला होता, तिथून नाहीसा झाला होता. आईनं वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

"बांध फुटला त्या साली दोनदा आलता," दत्तू म्हणाला. "मी मुडा काढून दिला समोर. गाठीवर हात ठेवून बसला बराच वेल. मी बोल्लो, नेस ना, पोर उपाशी हाय तुजी. तर बोल्ला, 'कसा नेऊ? हा तिचाच हाय, माजा नाय.' आनी उठून गेला."

गोजरा खाली बसली. मुडा तिनं मांडीवर ओढून घेतला. पेंढ्याला उन्हाचा वास होता. ठाण्याच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर तो छान मावला असता. रोज दिसला असता.

मग तिनं गाठ चाचपून पाहिली. पक्की होती. तिनं मुडा उचलून दत्तूच्या हातात दिला.

"दत्तूकाका," ती म्हणाली, "आता कोणाकडं ठेवाल, ते मला सांगू नका."