आत चल

रेणापूरजवळच्या वृद्धाश्रमात न्हाणीघराची फरशी शेवाळली होती. तिथंच घसरून सिंधूचा हात मोडला. तेव्हापासून तिची मैत्रीण जगदेवी भीतीनं नुसतं अंग पुसून घ्यायची. तक्रार केली की व्यवस्थापक म्हणायचे, “बघू.” एके दिवशी लातूरचा दुकानदार वीरेश वाढदिवसाची फळं वाटायला आला. “आज्जी, सफरचंद घ्या, फोटो काढू.” जगदेवीनं त्याचं मनगटच धरलं. “फोटो काढायचाय नव्हं? आत चल.” व्यवस्थापक आडवे आले, तरी तिनं सोडलं नाही. न्हाणीघर पाहून वीरेशची मान खाली गेली. “दरसाल येतो आज्जी, पण आत कधी आलोच न्हाई.” दुसऱ्या दिवशी तो गवंडी घेऊन आला, पँट दुमडून स्वतःही शेवाळ खरवडू लागला. नवी खडबडीत फरशी बसली तेव्हा जगदेवीनं डोक्यावर तांब्या ओतला आणि हाक मारली, “सिंधू, ये गं, पाय घसरत न्हाई!”