सरळ अक्षर

"आजोबा, आजी कुणाला हात लावू देत नाहीयेत. तुम्हीच समजवा," फोनवर परिचारिका म्हणाली. "पोटातला रक्तस्राव वाढतोय. वीस मिनिटांत ऑपरेशन सुरू व्हायला हवं."

घरात एकटेच असलेल्या भालचंद्रांनी मोबाइलच्या पडद्यावर बोटाने लिहिलं, 'शरयू, ऑपरेशन करून घे.' दूर शहरातल्या दवाखान्यात शरयूताईंच्या मनगटावरच्या पट्ट्याने तीच अक्षरं त्यांच्या कातडीवर गिरवली. त्यांची दृष्टी आणि कान गेल्याला नऊ वर्षं झाली होती. दोघांचा संसार या पट्ट्यावरच चालला होता.

"कोण आहे हे?" शरयूताईंचा ओरडा फोनमधून आला. "हा आमच्या ह्यांचा हात नाही. ह्यांचा 'श' कधी सरळ आलाय का?"

भालचंद्रांच्या हाताला असलेल्या कंपवाताची थरथर गाळून अक्षर सरळ करणारी मोबाइलमधली सोय त्यांनी आज सकाळीच सुरू केली होती. ती दवाखान्यात एकटी, आजच्या दिवशी तरी तिला नीट वाचता यावं, एवढंच मनात होतं.

ती बंद करायला त्यांनी सेटिंग उघडलं. 'खात्रीसाठी बोट तीन सेकंद स्थिर ठेवा.' इथे थरथर गाळली जात नव्हती. त्यांनी बोट टेकवलं. एक, दोन, आणि पुन्हा पहिल्यापासून. डाव्या हाताने उजवा दाबून धरला, तर दोन्ही मिळून थरथरू लागले.

"आजोबा, लवकर!"

"अहो," पलीकडे शरयूताई आता रडत होत्या, "कुठे आहात तुम्ही? तुमच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकदा नुसतं 'हो' लिहा ना. लगेच जाते मी."