अकरा भोकं

अकरावं भोक बुजवून ओळंब्यानं थापी पाण्यात बुडवली आणि चार पावलं मागे सरून पुलाकडे पाहिलं. भिंत कशी चकाचक दिसत होती. चाळीस वर्षांनी त्याच्या घराण्याचं नाक वर झालं होतं.

ओळंबा हे त्याचं खरं नाव नव्हे. तो गवंडी, आणि भिंतीची सरळ रेघ पाहायच्या ओळंब्याच्या दोरीसारखं त्याला कामात सूतभर वाकडं खपायचं नाही, म्हणून लोकांनी ठेवलेलं. एकदा सांत्वनाला गेला असताना तो मध्येच उठला आणि गेलेल्या माणसाचा भिंतीवरचा फोटो सरळ करून आला. असल्या माणसाचा बाप मात्र ‘अकरा भोकांचा मिस्त्री’ म्हणून मेला. पुरात खचलेली पुलाची एक बाजू बापानं नव्यानं बांधली आणि दगडांमध्ये अकरा भोकं तशीच सोडली. कुणी विचारलं की डोकं खाजवून म्हणे, “राहिली बुवा. आता त्यात साप शिरलेत, कोण हात घालणार?” भोकांत पाकोळ्यांची चिमुकली पाखरं ये-जा करत; पण साप आणि पाकोळ्या एका घरात कसे नांदतात, हे कुणी विचारलं नाही. पुढे कुणाची छत्री गळली तरी लोक म्हणत, “मिस्त्रींनी शिवली वाटतं.” शाळेत ओळंब्याला ‘बारावं भोक’ म्हणत. तेवढ्यापायी तो कामात पक्का झाला. बापाशी मात्र शेवटपर्यंत धड बोलला नाही.

आता पूल पाडायचा घाट घातला होता. सरकारी खात्याला तिथे रुंद पूल हवा होता आणि लोकांना आपला जुनाच हवा होता. समिती निघाली. बैठका न्हाव्याच्या दुकानात भरत, म्हणून न्हावी अध्यक्ष झाला. ज्याला जे येतं ते त्यानं फुकट करायचं ठरलं. सुतारानं कठडा केला, माळ्यानं काठावरची झाडं जगवली. पुलाचं कापण्यासारखं काही नसल्यामुळे न्हाव्यानं भाषणं केली. सोमवारी मोठे साहेब पाहणीला येणार होते. “पूल असा कर की साहेब बघत राहिला पाहिजे,” एवढंच न्हावी ओळंब्याला म्हणाला. त्याचीच वाट पाहत असल्यासारखा ओळंबा आधी त्या अकरा भोकांच्या मागे लागला. सापाच्या धास्तीनं तोंड फिरवून, लांब दांड्याच्या थापीनं त्यानं तोंडाशी चुना ठासला.

रविवारी सकाळी शाळेतल्या जुन्या बाई लेकीचं बाळंतपण उरकून परतल्या आणि गळ्यात दुर्बीण अडकवून थेट पुलावर आल्या. समितीचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. पाकोळ्या नुसत्या भिरभिरत होत्या. भिंतीवर येऊन आपटत, ओल्या चुन्यावर नखं खरवडत आणि पुन्हा उडत.

“भोकं कुठायत?”

“बुजवली,” ओळंबा छाती फुगवून म्हणाला.

“अरे कर्मा! अर्जात मी काय लिहिलंय? या पुलात पाकोळ्यांची अकरा घरटी आहेत, म्हणून तो पाडता येणार नाही. जुना आहे म्हणून कोण सोडतंय? जुने तर आपण सगळेच आहोत!”

न्हाव्यानं अर्जावर नुसती सही केली होती. “मला वाटलं घरटी झाडावर असतात,” तो पुटपुटला.

“चुना ओला आहे तोवर काढ,” बाई ओळंब्याला म्हणाल्या. “घरट्यांचं आणि तुझं पहिल्यापासूनच वाकडं.”

“बाई, बापाची अब्रू मी माझ्याच हातानं पुन्हा चव्हाट्यावर मांडू? आणि आत साप आहेत!”

“इतकी वर्षं दुर्बीण लावून बसते मी. साप सोड, गांडूळ दिसलं नाही. पूल गेल्यावर अब्रू कुठे टांगणार आहेस?”

ओळंबा छिन्नी घेऊन शिडीवर चढला. बाईंना, न्हाव्याला, पाकोळ्यांना आणि मेलेल्या बापाला त्यानं ओळीनं शिव्या दिल्या. चुना निघाला. आत पडलेले तुकडे काढायला त्यानं डोळे मिटून कोपरापर्यंत हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

आतला तळ घोटून गुळगुळीत केलेला होता. पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला सूतभर उतार होता. तोंड अरुंद, आतून ऐसपैस. वरचा दगड बोटभर पुढे काढलेला, पावसाची धार आत जाऊ नये म्हणून. त्यानं दुसरं भोक उघडलं. तेही तसंच. अकराही उघडली आणि खिशातल्या टेपनं मोजली. सूतभराचा फरक नव्हता. हलगर्जीपणा अकरा वेळा एकाच मापाचा होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तेवढ्यात त्याच्या कानाला पंख घासून एक पाकोळी आत शिरली. ओळंबा शिडीवरच रडू लागला.

“चुना गेला का डोळ्यात?” न्हाव्यानं खालून विचारलं.

“हो,” ओळंबा म्हणाला.

तो तसाच घरी गेला. आई ओट्यापाशी लसूण सोलत होती.

“भोकं राहिली नव्हती. बाबांनी पाकोळ्यांसाठी मुद्दाम ठेवली होती. तुला ठाऊक होतं?”

“होतं की.”

“मग जन्मभर स्वतःचं हसं का करून घेतलं? मला तरी सांगायचं!”

“म्हणाले, खरं सांगितलं की साप खोटा ठरेल. मग एक अंडं शिल्लक राहायचं नाही.”

“असा कोण लागून गेला होता अंडी चोरणारा?”

आईनं सोललेली पाकळी ताटलीत टाकली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“तुझ्या चड्डीच्या खिशांतली फुटकी अंडी मीच धूत होते ना, बाळा.”