प्लग कुणाच्या हातात

“आज पाती तू बसव,” म्हणत लेकानं रंध्याचं मशीन सुनेपुढं सरकवलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या मालकांनी, लेकाच्या वडलांनी, जन्मात मला त्या मशीनच्या स्क्रूला हात लावू दिला नाही.

आमच्या सुतारखान्यात पाती बदलताना, बोटं आत असताना कुणी मशीन चालू करू नये म्हणून, प्लग काढून भरवशाच्या माणसाच्या हातात देतात. मालकांचा मी धरायची, पुढं लेकाचा. लग्न झालं तसा तो म्हणाला, “आई, तू बस. ही धरेल.” कालची आलेली, आणि माझ्या लेकाची बोटं तिच्या मुठीत!

सुनेनं प्लग काढला. लेकानं हात पुढं केला, पण ती माझ्याकडं आली. “आत्या, तुम्ही धरा. ह्यांचं ध्यान मोबाईलात.”

“मला दुसरी कामं नाहीत काय?” म्हणाले, पण मूठ आधीच मिटली होती.

तिनं पाती बसवली. “पट्टी लावून बघ, एक पातं वर राहिलंय,” मी खेकसले. राहिलंच होतं. ती परत स्क्रू सोडायला लागली.

लेकाला घाई. “दे आई प्लग, लावून ठेवतो.”

“हात मागं घे,” मी म्हणाले. “बोटं तिची आहेत. प्लग तीच मागेल.”