शिडांचं जहाज

मुकुटबनच्या पंजाबरावांनी आपल्या कृषी केंद्रावर नवा फलक लावला, त्यावरच्या चित्रातलं जहाज रुपीबाईने लगेच ओळखलं. निळ्या पट्ट्यांची तीच शिडं. तिचा मुलगा भावसिंग त्याच जहाजावर पाहुण्यांना जेवण वाढायच्या नोकरीवर होता. त्याने पाठवलेला फोटो ती रोज मोबाईलवर पाहायची.

"कंपनीनं सहल देल्ली मले," पंजाबराव गिऱ्हाइकांना सांगत होते. "पुढच्या आठवड्यात, गोव्याहून. जहाज लहान, पण अंदर राजवाडा! अळीचं औषध सगळ्यात जास्त म्याच खपवलं ना."

ते औषध रुपीबाईला माहीत होतं. बोंडअळीच्या साली पंजाबरावांनी दोन डब्यांतलं एकात ओतून तिच्या नवऱ्याला दिलं होतं. "हे मार डोंगरसिंग, एक अळी राह्यली तं मले सांग." फवारून आलेल्या डोंगरसिंगला आधी दिसेनासं झालं, मग श्वास घेता येईना. तो गेला. तिने तक्रार केली तेव्हा पंजाबरावांनी पोलिसांना सांगितलं, गडी दारू पिऊन फवारत होता.

डोंगरसिंग दारूला शिवतही नसे.

घरी येऊन तिने पोराला फोन लावला.

"पंजाबराव येऊन राह्यला तुह्या जहाजावर."

"मालूम हाय, याडी."

"मंग?"

"मंग काय? जेवू वाढीन."

"तूच सांगतलं होतं ना, सांजेले इंजिन बंद करून शिडं उभारतेत, समदे वर पाह्यतेत. तवा लोट त्याले मांगून."

"याडी, मी तसा नाही."

"तुह्या मेल्या बापाले बेवडा म्हणलं त्यानं. तू कसा हायेस, ते दिसनच आता."

तिने फोन बंद केला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. जहाज निघालं की समुद्रात रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं.

बातमी आठवडी बाजारात आली. पंजाबराव जहाजावरून समुद्रात पडले म्हणे. कृषी केंद्राचं शटर खाली होतं.

रुपीबाई भाजी न घेताच फिरली. फक्त गूळ घेतला. तांड्यावर येऊन तिने मोठ्या गंजात लापशी शिजवली आणि आल्या-गेल्याला वाढायला बसली. कशासाठी, ते कोणाला सांगितलं नाही. शेजारची मानीबाई काहीतरी बोलली, तशी ती खळखळून हसली. मानीबाई तिच्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात तांड्यात जीप शिरली. पंजाबराव उतरले. एक हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजलेलं. रुपीबाईची पळी गंजातच राहिली.

ते आले आणि सगळ्यांदेखत तिच्यासमोर मातीत बसले.

"रुपीबाई, मले मांगून कोणीतरी लोटलं," ते म्हणाले. "समदे वर शिडं पाहून राह्यले होते, कोणं लोटलं, ते कोणालेच दिसलं नाही."

तिने गंजावर झाकण ठेवलं.

"पण माह्या मांगं उडी मारली ती एकट्या तुह्या भावसिंगनं. मले दोरापर्यंत आणून सोडलं त्यानं, अन् तो काही वर आला नाही."