स्वयंपाकघराची खिडकी

काखेत पाव घेऊन परतताना शेजारणीनं ओदिलला डिवचलं. “बघ, तुझ्या घरात सिनेमा लागलाय! फ्रान्समध्ये घर घेतलं, पण खिडक्यांच्या झडपा लावायला नकोत!” ओदिलचं जुनं घर विकत घेतलेल्या डच जोडप्याला संध्याकाळी झडपा लावायची सवयच नव्हती. ओदिल तावातावानं फाटकातून आत शिरली. दिवेलागणीला झडपा लावणं हे तिच्या नवऱ्याचं काम. जिवंत होता तोवर बाहेरून एकेक लावत यायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी हमखास रेंगाळायचा. ती आतून ओरडायची, “लाव की रे, गारठा येतोय!” आता तिनं त्याच झडपेला हात घातला. आत पिवळ्या उजेडात ती परकी बाई सूप ढवळत होती, मनगटानं कपाळावरची बट मागे सारत. ओदिलचा हात तिथंच थांबला. “लाव की गं, थंडी वाजतेय!” फाटकातून शेजारीण ओरडली. “थांब,” ओदिल म्हणाली, “बघू दे.”