सात काड्यांचा डाव

“र आहे का?” जहांगीरनं विचारलं.

बद्रीनाथनं पाटीवरच्या तीन चौकटींपैकी शेवटच्या चौकटीत र लिहिला आणि पेन्सिल तशीच धरून थांबला.

“वेलांटी कोणती? पहिली का दुसरी?” जहांगीर हळूच म्हणाला.

बद्रीनाथ वर पत्र्याकडं बघत बसला. मग म्हणाला, “दुसरी.”

“हां.” जहांगीरनं मान डोलावली.

चुलीपाशी उभ्या कडूबाला जहांगीरची कीव आली. चाळिशीला टेकलेला माणूस, कचेरीत कारकून, अन् बिचाऱ्याला साधी वेलांटी विचारावी लागती!

गुलमंडीतल्या कडूबाच्या हॉटेलात हे दोघं कचेरी सुटली की रोज यायचे. पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली होती. निजामाच्या वेळचा उर्दू कारभार मराठीत येत होता आणि नव्या साहेबानं हुकूम काढला होता. ज्याला मराठी लिहिता येत नाही त्यानं उन्हाळ्यापर्यंत परीक्षा पास व्हावं, नाहीतर खुर्ची सोडून दाराशी स्टुलावर बसावं. हे सगळं कडूबानं त्यांच्या बोलण्यातच ऐकलं होतं. जहांगीर एकदा कप खाली ठेवत म्हणालाही होता, “कडूबाशेठ, दुआ करो. पास व्हायलाच पायजे.”

म्हणून हा खेळ. बद्रीनाथ मनात एक शब्द धरायचा, चिठ्ठीवर लिहून ती बशीखाली ठेवायचा आणि पाटीवर अक्षरांइतक्या चौकटी काढायचा. जहांगीरनं एकेक अक्षर विचारायचं. असलं तर बद्रीनाथनं ते काना-मात्रेसकट जागेवर लिहायचं. नसलं की आगपेटीतली एक काडी बाजूला. काड्या सात. त्या संपल्या की जहांगीर हरला.

आणि जहांगीर रोज हरायचा. ‘ठ’ विचारायचा, ‘ढ’ विचारायचा, एकदा तर त्यानं पहिल्याच फटक्याला ‘ङ’ विचारला. डाव झाला की बशीखालची चिठ्ठी उघडून बारकाईनं वाचायचा आणि खिशात घालून घरी न्यायचा. येताना काखेत मराठी पेपर असायचा. बद्रीनाथ मात्र उर्दू अखबार चाळत निवांत बसायचा. त्याला कशाची काळजी, असं कडूबाला वाटायचं.

आठ दिवस कडूबानं कळ काढली. नवव्या दिवशी जहांगीरच्या चार काड्या गेल्या तसा तो हातातलं गाळणं टाकून टेबलाशी आला.

“जहांगीरभाई, रागावू नका. पण तुम्ही लई वाकडं खेळता.”

“मग कसं खेळू?”

“आधी र, क, न, ल, त. ही पाच अक्षरं कुठं नाय कुठं सापडत्यातच. ‘ठ’वर काडी घालवायची ती शेवटाला.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बद्रीनाथ मिशीत हसला. जहांगीर म्हणाला, “वा! आणखी सांगा.”

मग काय, कडूबाला चेवच चढला. गिऱ्हाइकांना चहा देता देता तो शब्दांचाच विचार करू लागला. दोन दिवसांनी सांगायला आला, “शेवटचं अक्षर आधी पकडा. शेवटाला ‘णे’ निघालं तर ते काहीतरी करणं असतंय. धुणे, पेरणे.” पुढच्या आठवड्यात म्हणाला, “दोन अक्षरं सापडली की तिसऱ्याला घाई नाय. मनातल्या मनात क पासून ज्ञ पर्यंत लावून बघा. जिथं जीभ अडत नाय, ते अक्षर.” आणि एकदा सकाळी, दुकान उघडताना त्याला आपोआप सुचलं, “नुसत्या शब्दाकडं नका बघू. शब्द धरणाऱ्याकडं बघा. बद्रीनाथराव भुकेले असले की खायचा शब्द धरतात!”

त्या संध्याकाळी जहांगीरनं दोन काड्यांत ‘थालीपीठ’ ओळखलं. सगळं हॉटेल उठून ओरडलं.

आता बद्रीनाथला डाव राखणं जड जाऊ लागलं. सोपे शब्द केव्हाच संपले. तो कुठून कुठून शब्द शोधून आणायचा. झाडलोट, खळखळाट, सोयरीक, अंगतपंगत. लिहिताना मध्येच थांबायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. ‘आता कसा घाम फुटलाय,’ कडूबाला गंमत वाटायची. पानवाला बन्सी दुकान सोडून बघायला यायचा. कापडाच्या दुकानातली माणसं लांबूनच अक्षरं ओरडायची. “ळ विचारा, ळ!” जहांगीर हात वर करून म्हणायचा, “सबर करो, उस्ताद कडूबा आहेत.” उस्ताद म्हटलं की कडूबाची छाती फुगायची आणि चहात साखर जास्त पडायची.

चैत्रात परीक्षा झाली. महिन्याभरानं निकाल लागायचा होता, तो महिना कडूबाला घरच्या लग्नासारखा गेला. उठता बसता बायकोला, चतुराबाईला विचारायचा, “व्हईल ना गं पास?” ती म्हणायची, “आवं, अक्षरं तर तुम्हीच शिकवलीत. व्हईल की.”

निकालाच्या दिवशी दोघं नेहमीपेक्षा लवकर आले. लांबूनच जहांगीर हात हलवत होता, “कडूबाशेठ, पास! शुद्धलेखनात तर एक चूक नाही!”

कडूबानं झाकून ठेवलेली जिलेबीची परात बाहेर काढली. बन्सीनं मोगऱ्याचा हार पुढं केला. कडूबानं टाचा उंच करून तो जहांगीरच्या गळ्यात घातला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि कडूबाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“मला वाटलंच हुतं,” तो म्हणाला. “चार महिन्यांत मराठी शिकायची, खायचं काम नाय.”

जहांगीर हसता हसता थांबला. त्यानं बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथनं लाजून मान खाली घातली. मग जहांगीरनं हार गळ्यातून काढला आणि अलगद बद्रीनाथच्या गळ्यात घातला.

“उस्ताद, उर्दू शाळेत हा शिकला, परीक्षा याची होती,” तो म्हणाला. “मी तर याचा मराठीचा मास्तर.”